गाठ मारावी तर भिवंडीत

भिवंडीत गाठीला मान नाही. कल्याण नाक्यावरून धामणकर नाक्याकडे जाताना जो खडखडाट आपण रिक्षाचा समजून सहन करतो, त्यातला निम्मा आजूबाजूच्या मागांचा असतो. त्या मागांवर दिवसभरात लाखांनी गाठी पडत असतील, पण त्या मोजायच्या भानगडीत कोणी पडत नाही. इथे गाठ ही लपवायची वस्तू आहे. तार तुटली, जोडली, माग पुन्हा सुरू. पुढे कापड तपासणारा माणूस ताका ओढत त्यावरून बोटं फिरवतो आणि कुठे गाठ हाताला लागली की आधी चेहरा पाडतो, मग भाव पाडतो. त्यामुळे या गावात उत्तम गाठ म्हणजे जी असून कोणाला सापडत नाही ती.

अशा गावात राहून आमच्या घरातल्या बायकांनी शोभेच्या गाठी मारायचं मनावर घेतलं.

सुरुवात भाचीने केली. शनिवार-रविवार कल्याणला एक वर्कशॉप होतं. तिथून ती एक प्रमाणपत्र, सुती दोरीचं एक भेंडोळं आणि ‘मॅक्रमे’ घेऊन परत आली. दिवाणखान्यात तिने ती वस्तू उंच धरून दाखवली. वर लाकडी कडं, खाली चार पदर, मधे गाठींची जाळी आणि शेवटी भलामोठा झुपका.

“मामा, प्लांट हँगर. मी केलंय.”

आत्याने चष्म्याच्या वरून पाहिलं. “शिंकं आहे ते.”

“शिंकं नाही गं आजी, हे बोहो आहे.”

“मला काय सांगतेस? आमच्या घरात चार होती. यात दही ठेवायचं.”

“यात झाड ठेवतात.”

आत्या गप्प झाली. झाडापर्यंत मांजर पोचू नये म्हणून ते टांगून ठेवायची पाळी आजच्या माणसांवर का आली असावी, याचा ती विचार करत होती हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

तिचं चुकत नव्हतं. शिंकं म्हणजे तरी दुसरं काय? वर एक कडी, तिच्यातून निघालेले पदर, ठरावीक अंतरावर गाठ, मग प्रत्येक पदराने आपली निम्मी दोरी शेजारच्या पदराला द्यायची आणि पुन्हा गाठ, की झाली जाळी. तिच्यात मडकं बसतं. काथ्याचं, अंबाडीचं, सुंभाचं, घरात जे असेल त्याचं शिंकं होई आणि आढ्याला लटके. दूध, दही, लोणी, क्वचित उरलेला लाडू, असा घरातला सगळा जोखमीचा ऐवज त्यात असे. शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं साधलं, ही म्हण ज्या समाजाने घडवली, त्याने शिंकं बांधणाऱ्याच्या गाठीवर किती भार टाकला होता ते लक्षात घ्या. गाठ सुटली तर घरातल्या बाईचं नाव खराब होई आणि बोक्याचं पोट. पुढे फ्रिज आला आणि शिंकं व बोका दोघेही एकाच दिवशी बेकार झाले. शिंक्याला वर्षातून एकदा गोपाळकाल्याला काम मिळतं, तेही आता क्रेनवर. दहीहंडीला २०२२ साली सरकारने साहसी खेळाचा दर्जा दिला. हंडीच्या दोरीची गाठ कोण मारतो, त्याला मात्र अजून कसला दर्जा नाही.

भाचीचं ‘बोहो’ आत्याला नवीन नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. माळ्यावरून तिने एक पत्र्याची ट्रंक काढायला लावली. तीत चकचकीत नायलॉनच्या दोरीची दोन बंडलं, एक अर्धवट पर्स, एक तोरण आणि बाळाच्या झोपाळ्याचा एक कठडा निघाला. तिच्या तरुणपणी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, महाराष्ट्रातल्या अर्ध्या मध्यमवर्गीय घरांत बायका दुपारी हेच करत होत्या. तेव्हा त्याला सगळे ‘मॅक्रम’ म्हणत, शेवटचा ‘मे’ कोणी लावत नसे. ज्या घरात गेलं त्या घरात दारावर तोरण, खिडकीत कुंडी आणि भिंतीवर गणपती, सगळं एकाच दोरीचं आणि बहुतेक एकाच मोरपंखी रंगाचं. मग टीव्हीवर मालिका आल्या, दुपार गेली आणि दोरी ट्रंकेत गेली. जहाजावरचे खलाशीही लांबच्या सफरीत वेळ जात नाही म्हणून असल्याच गाठी मारत बसत. आत्याला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “त्यांना स्वयंपाक नसणार.”

मग दोघींची भागीदारी ठरली. भाचीकडे डिझाइन आणि इंटरनेट, आत्याकडे हात. मला मुकादम नेमलं, म्हणजे दोरीचं दुसरं टोक धरून बसायचं.

आता चौकोनी गाठ कशी मारतात ते ऐका, कारण तो सगळ्या प्रकरणाचा पाया आहे. चार दोऱ्या घ्यायच्या. मधल्या दोन नुसत्या ताठ उभ्या राहतात, कामं बाहेरच्या दोघींनी करायची. डावी दोरी मधल्या दोघींच्या वरून न्यायची आणि उजवीच्या खाली सरकवायची. उजवी दोरी मधल्या दोघींच्या पाठीमागून न्यायची आणि डावीकडे जो फास तयार झालाय त्यातून वर काढायची. ओढा. ही झाली अर्धी गाठ. आता हेच सगळं उलट, उजवीपासून. ओढा. झाली पूर्ण. वाचताना वंजारपट्टी नाका संध्याकाळी सहाला ओलांडल्यासारखं वाटलं असेल तर तुमचं बरोबर चाललं आहे.

आत्या खाली बसली, पाय पसरला, दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं आणि सुरू झाली. वर्कशॉपमध्ये यासाठी एक बोर्ड, चार टाचण्या आणि एक क्लॅम्प असं साडेसहाशे रुपयांचं किट देतात. भाचीने आजीच्या अंगठ्याकडे पाहिलं, मग किटकडे पाहिलं आणि किट मुकाट्याने सोफ्याखाली सरकवलं.

अडचण आली ती उलट करण्यात. आत्याला दर वेळी उलट करणं मान्य नव्हतं. एकदा डावीकडून सुरू केलं तर डावीकडूनच, माणसाने शब्दाला जागावं. पण अर्धी गाठ एकाच बाजूने मारत गेलं, की सगळी वीण हळूहळू स्वतःभोवती फिरायला लागते. हातभर लांबीचा पिळदार जिना तयार झाला. मी म्हटलं, चुकलं. भाची ओरडली, “नाही नाही, राहू दे! हे स्पायरल आहे, हे वेगळं डिझाइन आहे!” भिवंडीत माझी हयात गेली. इथे चूक झाली की ताक्यामागे पैसे कापतात. चूक झाली की भाव वाढतो, हा धंदा मी प्रथमच पाहत होतो.

दोरी संपली म्हणून भाचीने आणखी मागवली. मोबाइलवर पार्सलचा प्रवास दिसत होता. निघालं कुठून? भिवंडीहून. माणकोली, पूर्णा, राहनाळ, दापोडे, काल्हेर, या पट्ट्यातल्या भातशेतीच्या जागी आता गोदामं उभी आहेत आणि भारतात कोणीही काहीही मागवलं तरी ते एकदा आमच्या तालुक्यात मुक्काम करतं. तर ती दोरी आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर होती. तिथून ती नवी मुंबईला गेली, तिथून कुठल्याशा ‘हब’ला, तिथे तिने रात्र काढली, मग ठाण्याला आली, मग ‘आपल्या शहरात पोचली’ असा आनंदाचा निरोप आला. सुटलेली नव्हती कधी, पण पोचली. खोका टीव्हीचा असावा एवढा, आत मुठीएवढी दोरी.

त्या दुपारी चाचा आले. चाचा आमच्या मागच्या गल्लीत राहतात, आणि वीजबिल वाचून घ्यायला येतात. बिलात काय लिहिलंय ते मलाही कळत नाही, पण दोघांना मिळून न कळलेलं बरं असतं. उमेदीत ते मागांवर बीम जोडायचं काम करत. ते भिवंडीत आले १९८२ साली. त्या वर्षी १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तिथली चाकं थांबली आणि इकडच्या मागांना श्वास घ्यायला फुरसत उरली नाही. चाचा उत्तर प्रदेशातून मुंबईला निघाले होते. कल्याणला उतरल्यावर कोणीतरी सांगितलं, पुढे जाऊ नकोस, काम इथून सात-आठ मैलांवर आहे.

चाचांनी आत्याचा अंगठा, दोरी, जिना हे सगळं शांतपणे पाहिलं.

“अम्मा, ये क्या बन रहा है?”

“शिंका,” आत्या म्हणाली. तिचं हिंदी म्हणजे मराठी शब्दाला काना लावणं.

“प्लांट हँगर,” भाची म्हणाली.

“एक गाठ को इतना टाइम?” चाचा म्हणाले आणि तिथेच मांडी घालून बसले.

बीम जोडणं म्हणजे काय ते इथे सांगायला हवं. मागावर उभा ताणा असतो तो बीमवर गुंडाळलेला. साध्या ग्रे कापडाला अडीच-तीन हजार तार सहज लागतात. एक बीम संपला की नवा चढवायचा, पण तार पुन्हा फणीतून ओवत बसायचं तर दिवस जाईल. म्हणून जुन्या बीमची शेपटं शिल्लक ठेवतात आणि नव्या बीमची एकेक तार जुन्या एकेका तारेला जोडतात. तीन हजार तार, तीन हजार गाठी. एकही सुटता कामा नये, एकही जाड होता कामा नये, नाहीतर फणीत अडकते. आता याला यंत्र निघालं आहे, पण चाचांच्या उमेदीत यंत्र म्हणजे चाचाच.

त्यांनी भाचीच्या भेंडोळ्यातून दोन धागे उसवून घेतले. दोन्ही टोकं डाव्या अंगठ्याखाली एकमेकांवर आडवी धरली. उजव्या हाताने एक वेढा नखावरून फिरवला, टोक त्यात खुपसलं आणि… झालं. मी टोक कुठलं हे शोधत होतो, तोवर धागा एकसंध होऊन त्यांच्या बोटांत ताणला गेला होता.

“चाचा, परत दाखवा. नीट दिसलं नाही.”

“साब, दिख गई तो गाठ कैसी?”

याच गाठीला जगभर विणकराची गाठ म्हणतात. क्लिफर्ड अ‍ॅशली नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९४४ साली गाठींचा एक महाग्रंथ छापला, तीन हजार आठशेच्या वर गाठी, चित्रांसकट, आणि त्याची सुरुवातच या कुळापासून आहे. हीच गाठ दोरखंडाला मारली की खलाशी तिला दुसऱ्या नावाने ओळखतात, आणि जाळ्याला मारली की ती कोळ्याची होते. आमच्या समोरच्या वहिनी माहेरच्या काल्हेरच्या, खाडीकाठच्या. त्यांनी गॅलरीतून एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, “ही तर आमचे बाबा जाळ्याला मारायचे!” उत्तर प्रदेशातले चाचा आणि खाडीकाठचे बाबा आयुष्यभर एकच गाठ मारत होते आणि दोघांची गाठ कधी पडली नाही. आता जाळ्याच्या जागी गोदाम आहे आणि त्यात भाचीची दोरी.

सिकंदराने इसवी सन पूर्व ३३३ मध्ये गॉर्डियमची गाठ सुटेना म्हणून तलवारीने कापली, असं सांगतात, आणि त्याबद्दल जग त्याचं कौतुक करतं. इथे त्याच्या पहिल्याच पाळीत मालकाने हिशेब हातावर ठेवला असता.

चाचांना मात्र वेगळीच उत्सुकता होती. “बेटा, इसका रेट क्या है?”

भाची जरा लाजली. “हँडमेड आहे ना चाचा. बाराशेला एक जातं. मोठं असेल तर जास्त.”

“कितनी गाठ?”

कोणी मोजल्या नव्हत्या. मोजायला बसलो. कडीपासून झुपक्यापर्यंत साधारण एकशेवीस भरल्या.

चाचांनी डोळे मिटले. ज्याने जन्मभर नगावर पैसे घेतले, त्याला कॅल्क्युलेटर लागत नाही. “दस रुपया गाठ,” ते म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “एक बीम, तीन हजार गाठ. तीस हजार.”

खोलीत कोणी हललं नाही.

“बेटा, जरा मेरा निकाल. सन बयासी से.”

भाचीने मोबाइल काढला. रोज किती बीम, महिन्याचे किती दिवस, ईदच्या सुट्ट्या वजा, मंदीत माग बंद होते ते वजा, मलेरियाचा एक महिना वजा. चाचा सगळी वजाबाकी अगदी प्रामाणिकपणे सांगत होते, पैसे आता मिळणारच असल्यासारखी. आकडा वाढत वाढत स्क्रीनच्या कडेला टेकला आणि शेवटी त्यात इंग्रजी ‘ई’ उमटला.

“ई म्हणजे?” आत्याने विचारलं.

“म्हणजे मावत नाही.”

चाचा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. “सेठ को भेज दे बिल,” ते म्हणाले. “बोल, सब गाठ हँडमेड थी.”

त्यावर आत्याने एक रास्त मुद्दा काढला. चाचांच्या गाठी दिसत नव्हत्या, मग पैसे कशाचे? भाचीच्या दिसतात. सोनाराचं मंगळसूत्र घ्या. सोनं तोळ्यावर, घडणावळ वेगळी, पण ते गळ्यात टिकतं पटवेकऱ्याच्या गाठींवर, आणि गाठवून देणाऱ्याला आपण काय देतो? किरकोळ. तो गोंडा नीट बसला नाही की त्याच्याशी घासाघीस वेगळी. चाचांना हा मुद्दा पटला. ज्याला पैसे बुडाल्याचं कारण कळतं त्याला निम्मे मिळाल्यासारखं वाटतं, तसं काहीतरी झालं असावं.

गाठीत हिशेब ठेवायची पद्धत तशी जुनीच म्हणा. दक्षिण अमेरिकेतल्या इंका राज्याचा जमाखर्च दोऱ्यांवरच्या गाठींत असे. किती धान्य, किती माणसं, सगळं दोऱ्यांच्या जुडग्यात. आत्याही पूर्वी पदराला गाठ मारून ठेवायची. फरक एवढाच, की इंकांच्या अधिकाऱ्याला गाठ कशाची ते वाचता येई. आत्या संध्याकाळी पदर हातात घेऊन विचारायची, “अरे, हे मी काय लक्षात ठेवलं होतं?”

असा आमचा गृहोद्योग मार्गी लागला. तीन शिंकी पुण्याला गेली, एक बदलापूरला, आणि एक समोरच्या वहिनींनी घासाघीस करून नेलं आणि त्यात कांदे ठेवले. भाचीला ते पाहवलं नाही. मला वाटतं सगळ्या खपलेल्या मालात सन्मानाचं आयुष्य त्या एकाच शिंक्याच्या वाट्याला आलं.

भाद्रपद आला आणि भाचीच्या डोक्यात नवं काही आलं. आमच्याकडे अनंताचं व्रत आहे. अनंत चतुर्दशीला चौदा गाठींचा तांबडा रेशमी दोरा पुजायचा आणि दंडात बांधायचा. दरवर्षी गुरुजी येताना बाजारातला तयार दोरा आणतात. भाची म्हणाली, या वर्षी मी करते, मॅक्रमेमध्ये. आत्याला कौंडिण्याची आठवण झाली. कहाणीतल्या त्या ऋषीला बायकोच्या हातावरचा अनंत म्हणजे वशीकरणाचा दोरा वाटला, त्याने तो तोडून विस्तवात टाकला आणि होतं नव्हतं ते सगळं गमावून रानोमाळ फिरला. “दोऱ्याची चेष्टा नको,” आत्या म्हणाली. पण भाचीने खरोखरच सुंदर दोरा केला. रेशीम लाल, मधे सोनेरी कस, एकाखाली एक चौदा चौकोनी गाठी, टोकांना बारीक गोंडे. बाजारातला दोरा त्यापुढे करगोट्यासारखा दिसला असता.

त्या दिवशी भिवंडीत गुरुजी मिळणं म्हणजे भाग्य. सकाळी अनंतपूजा, दुपारी गणपतींची उत्तरपूजा, आणि नंतर वऱ्हाळा तलावाकडे जाणाऱ्या मिरवणुकांमुळे सगळे रस्ते बंद. गुरुजी टेमघरहून स्कूटरवर आले ते हेल्मेट न काढताच आत शिरले. तबकातला दोरा पाहून थबकले. त्यांनी तो उचलला, उजेडात धरला आणि नखाने एकेक गाठ चाचपायला लागले. ताका तपासणाऱ्या माणसाची ती नजर मी लगेच ओळखली.

“किती आहेत?”

“चौदा,” भाची अभिमानाने म्हणाली.

“ही एक आहे ना, ती दोनदा मारलीये. डावीकडून एक, उजवीकडून एक.” गुरुजींच्या घरीही बहुधा कोणीतरी वर्कशॉपला जाऊन आलं होतं. “मग या अठ्ठावीस झाल्या.”

घरात वाद पेटला. भाची म्हणाली, दोन अर्ध्या मिळून एक, हा नियम आहे. आत्या म्हणाली, मारताना हात दोनदा फिरतो, तर दोन. वीजबिलाचा कागद घेऊन दारात आलेल्या चाचांना मत विचारलं. त्यांनी दोरा लांबूनच पाहिला आणि सांगितलं, दोन्ही टोकांना ओढा, सुटली नाही तर एक. मी मधला मार्ग सुचवला, की अर्ध्या गाठी सोडवून टाकू. तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

बाहेर पहिल्या मिरवणुकीचे ढोल वाजायला लागले. गुरुजींना अजून नारपोली आणि गौरीपाडा करायचं होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं, दोरा तबकात ठेवला आणि आचमनाची पळी हातात घेतली.

“चौदाच धरतो,” ते म्हणाले. “अठ्ठावीस धरल्या तर दक्षिणा दुप्पट होईल.”